दार आणि थैली

१९७१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या देशात टपालाचे एक छोटेसे तिकीट निघाले. किंमत अवघी पाच पैसे. कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटावर ‘निर्वासित मदत’ अशा अर्थाची अक्षरे छापलेली. पुढच्याच महिन्यात निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीटही आले. टपालाच्या नेहमीच्या खर्चावर हे पाच पैसे जादा द्यावे लागत. ज्यांच्या घरी त्या काळातली पत्रे अजून जपून ठेवलेली आहेत त्यांना एखाद्या पाकिटाच्या कोपऱ्यात ते आजही सापडेल. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या सुमारे एक कोटी माणसांना जगवण्यासाठी सरकारने हा कर बसवला होता. पत्र पाठवणाऱ्याला कोणी विचारले नव्हते की तुझी मर्जी आहे का. तो ठरलेला वाटा होता, आणि तो द्यायचा होता.

आम्हाला या लेखात प्रश्न विचारायचा आहे तो मात्र दुसऱ्या एका देशाविषयी. जो देश गेली पाऊणशे वर्षे जगातला सर्वात धनवान देश म्हणून ओळखला जातो, ज्याच्या गव्हाच्या आणि दुधाच्या भुकटीच्या पोत्यांवरची अक्षरे जगातल्या बहुतेक छावण्यांनी पाहिलेली आहेत, त्या अमेरिकेने निर्वासितांसाठी नेमके काय केले? आपल्या समाजात या प्रश्नाची दोन तयार उत्तरे असतात. एक म्हणजे अमेरिकेने काहीच केले नाही, उलट घरे उद्ध्वस्त केली. दुसरे म्हणजे तिने एवढे केले की जगाने तिचे आभार मानावेत. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. खरे तर निर्वासिताला दोन गोष्टी लागतात. आधी आत येण्यासाठी दार आणि मग जगण्यासाठी भाकर. अमेरिकेच्या दारवाज्याचा आणि तिच्या थैलीचा इतिहास वेगवेगळा पाहिला तरच या गोष्टीचा उलगडा होतो.

एव्हियाँची परिषद

सुरुवात १९३८ पासून करावी लागते. त्या वर्षी मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि तिथल्या यहुदी लोकांना पळता भुई थोडी झाली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पुढाकार घेऊन जुलै महिन्यात फ्रान्समधल्या एव्हियाँ या गावी परिषद बोलावली. जिनिव्हा सरोवराच्या काठी, एका आलिशान हॉटेलात ३२ देशांचे प्रतिनिधी नऊ-दहा दिवस बसले. अमेरिकेने परराष्ट्रमंत्री पाठवला नाही; मायरन टेलर नावाच्या एका उद्योगपतीला पाठवले.

या परिषदेच्या निमंत्रणातच दोन अटी होत्या. कोणत्याही देशाला आपल्या सध्याच्या कायद्यापेक्षा जास्त माणसे घ्यायला सांगितले जाणार नाही, ही पहिली. आणि खर्चाचा भार सरकारांवर नाही तर खाजगी संस्थांवर राहील, ही दुसरी. म्हणजे यजमानानेच आधी जाहीर केले की दारही उघडायचे नाही आणि थैलीही सोडायची नाही. मग पाहुण्यांनी काय करायचे? एकामागून एक प्रतिनिधी उठले, सहानुभूती व्यक्त केली आणि आपापल्या देशातली बेकारी सांगून खाली बसले. ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणाला, आमच्याकडे वांशिक प्रश्न नाही आणि तो बाहेरून आणण्याची आमची इच्छाही नाही. मोठ्या संख्येने माणसे घ्यायची तयारी दाखवली ती कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकने. प्रत्यक्षात तिथे काही शेच पोहोचली.

अमेरिकेचा १९२४ चा कायदा असा होता की प्रत्येक देशासाठी वर्षाला ठरावीक कोटा. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून २७,३७०. आशियातल्या माणसांसाठी तर दार जवळजवळ बंदच. पुढच्या वर्षी जर्मनीतून २०,००० मुलांना आणण्याचे विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे आले आणि तिथेच विरून गेले. त्याच सुमारास, १९३९ च्या मे महिन्यात, ९३७ प्रवासी घेऊन ‘सेंट लुईस’ हे जहाज हाम्बुर्गहून क्युबाकडे निघाले. क्युबाने बहुतेकांना उतरू दिले नाही. जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेले. प्रवाशांना मायामीचे दिवे दिसत होते. परवानगी मिळाली नाही. जहाज युरोपला परतले आणि त्यातले २५४ प्रवासी पुढे नाझींच्या संहारात मारले गेले.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे लिहून ठेवली पाहिजे. यहुदी माणसाला जगातल्या श्रीमंत देशांनी दार उघडले असते तर पॅलेस्टाईनचा पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. एका निर्वासिताला नाकारलेल्या आसऱ्याची किंमत दहा वर्षांनी दुसऱ्या निर्वासिताने मोजली. आम्ही पॅलेस्टिनींच्या दुःखाविषयी बोलतो तेव्हा ‘सेंट लुईस’वरच्या माणसांना विसरता कामा नये. दोन्ही दुःखे एकाच बंद दाराशी येऊन थांबतात.

ठरलेला वाटा

युद्ध चालू असतानाच अमेरिकेला जाग आली. ९ नोव्हेंबर १९४३ रोजी व्हाइट हाउसमध्ये ४४ राष्ट्रांनी एका मदत संघटनेच्या करारावर सह्या केल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘अन्रा’ म्हणत. भारतही तिचा सदस्य होता. या संघटनेचा एक नियम आज मुद्दाम आठवण्यासारखा आहे. ज्या देशांवर शत्रूने ताबा मिळवला नव्हता त्यांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का रक्कम द्यावी असे ठरले होते. जकात आणि खैरात यांतला फरक आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. जकातीत हिशोब असतो, आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. अन्राचा एक टक्का हा हिशोबाचा पैसा होता. एकूण सुमारे चार अब्ज डॉलरपैकी अमेरिकेने जवळपास २.७ अब्ज दिले. हे लहान काम नव्हते. उद्ध्वस्त युरोपात आणि चीनमध्ये त्या पैशाने माणसे जगली.

त्याच काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पंचगंगेच्या काठी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि मुले. सैबेरियातून, इराणमार्गे आलेली ही माणसे १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिली. म्हणजे निर्वासिताला आसरा देण्यासाठी देश श्रीमंतच असावा लागतो असे नाही. बंगालच्या दुष्काळाच्या वर्षीही कोल्हापूरच्या संस्थानात ही जागा निघाली होती.

अन्रा मात्र टिकली नाही. तिचा पैसा पूर्व युरोपात, म्हणजे रशियाच्या प्रभावाखालच्या देशांतही जात होता. ते अमेरिकेला खुपू लागले आणि १९४७ मध्ये तिने हात आखडता घेतला. त्याबरोबर ‘ठरलेला वाटा’ ही कल्पनाही मागे पडली. त्यानंतर ज्या ज्या मोठ्या निर्वासित संस्था निघाल्या त्या मुख्यतः ऐच्छिक देणग्यांवर चालल्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला राष्ट्रसंघाच्या नियमित अंदाजपत्रकातून अगदी थोडी रक्कम मिळते. बाकीची दरवर्षी मागून आणावी लागते. देणारा बहुधा सांगूनच देतो की हे पैसे अमुक देशातल्या अमुक कामासाठी. धान्याची गोष्टही तशीच. १९५४ च्या ज्या ‘पीएल ४८०’ कायद्याखाली आपल्याकडे अमेरिकेचा गहू येत असे त्या मदतीचे निदान निम्मे धान्य अमेरिकी जहाजांतूनच गेले पाहिजे असा नियम झाला. भुकेल्याचे पोट भरावे आणि आपल्या शेतकऱ्याचे, जहाजवाल्याचेही भले व्हावे, असा तो व्यवहार होता. व्यवहार वाईट नसतो, पण व्यवहाराला कोणी हक्क म्हणत नाही.

तंबूतली भाकर

१९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी आपल्या गावांतून बाहेर पडले किंवा हाकलले गेले. ११ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९४ क्रमांकाचा ठराव केला. शेजाऱ्यांबरोबर शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परत जाऊ द्यावे, आणि जे परतणार नाहीत त्यांना भरपाई मिळावी, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेने या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. हे आज किती जणांना ठाऊक आहे?

ठराव कागदावर राहिला. पुढच्या वर्षी गॉर्डन क्लॅप नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक पाहणी मंडळ पश्चिम आशियात गेले. क्लॅप हे अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या विकास प्राधिकरणाचे प्रमुख. धरणे बांधून, कालवे काढून गरिबी हटवता येते हा त्यांचा अनुभव. त्यांनी सुचवले की निर्वासितांना रस्ते, पाटबंधारे, वनीकरण अशा कामांवर लावावे. त्यातूनच ८ डिसेंबर १९४९ च्या ठरावाने ‘अन्रवा’ ही संस्था जन्माला आली. तिच्या नावातच मदत आणि कामे हे दोन शब्द आहेत. परत जाण्याचा शब्द नाही. अन्राच्या नावाशी मिळतेजुळते नाव असले तरी इथे एक टक्क्याचा हिशोब नव्हता.

१ मे १९५० रोजी काम सुरू झाले. कामांची योजना लवकरच फसली, कारण निर्वासितांच्या मनात भीती होती की इथे रोजगार घेऊन स्थिरावलो तर घरी जाण्याचा दावा संपेल. आम्हाला ही भीती वेडगळ वाटत नाही. ज्याच्या खिशात अजून घराची किल्ली आहे त्याला धरणाच्या कामावरची मजुरी पटत नाही. मग संस्थेने धान्य, दवाखाने आणि विशेषतः शाळा यांवर भर दिला. जॉर्डन, लेबनॉन, सिरिया, पश्चिम किनारा आणि गाझा या पाच भागांत मिळून सुमारे ७०० शाळा आणि पाच लाखांवर मुले असा तिचा पसारा वाढला. त्या मुलांत जवळपास निम्म्या मुली. आपल्या समाजातल्या मुलींच्या शिक्षणासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या आहेत त्यांना या आकड्याचे मोल कळेल. आणि हेही सांगितले पाहिजे की या शाळांच्या शिक्षकांच्या पगारात अनेक दशके सर्वात मोठा वाटा अमेरिकेचा होता.

परंतु अडचण दुसरीकडेच होती. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हात निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलता येणार नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. पण राष्ट्रसंघाच्या दुसऱ्या एखाद्या संस्थेकडून ज्यांना मदत मिळते त्यांना हा करार लागू होणार नाही, असे कलम त्यात घातले गेले. म्हणजे अन्रवाच्या छत्राखालचा पॅलेस्टिनी या कराराच्या बाहेर राहिला. त्याला भाकर देणारी संस्था मिळाली. त्याचा हक्क सांगणारा कागद मिळाला नाही. आणि भाकरीची सोय दरवर्षी नव्याने व्हायची होती.

दार उघडले ते कोणासाठी?

अमेरिकेने १९५१ च्या करारावर सही केली नाही. १९६८ मध्ये, त्याच्या पूरक कराराद्वारे, ती त्यात आली. पण या मधल्या काळात तिचे दार बंद होते असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कायद्याने युद्धात बेघर झालेले सुमारे चार लाख युरोपीय तिने घेतले. १९५६ मध्ये रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरल्यावर हंगेरीतून पळालेल्यांपैकी सुमारे ३८,००० जणांना तिने काही महिन्यांत वसवले. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर सुमारे १,३०,००० माणसे पहिल्या लाटेतच अमेरिकेत पोहोचली. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी निर्वासित कायद्यावर सही केली आणि तेव्हापासून दरवर्षी किती निर्वासित घ्यायचे याचा आकडा अध्यक्ष ठरवू लागले. १९७५ नंतर अमेरिकेने तीस लाखांहून अधिक निर्वासित वसवले. त्यांत बोस्नियाचे, सोमालियाचे, इराकचे मुसलमानही पुष्कळ होते. इतर कोणत्याही देशाने एवढ्या दूरच्या माणसांना एवढ्या संख्येने नागरिक केलेले नाही. हे मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

तरीही एक धागा नजरेआड करता येत नाही. साम्यवादी राजवटीतून पळालेल्याला दार लवकर उघडे. मित्र राजवटीतून पळालेल्याला ते सापडत नसे. १९८१ पासून हैतीच्या निर्वासितांच्या होड्या अमेरिकी तटरक्षक भर समुद्रातच अडवू लागले, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की किनाऱ्याला लागण्यापूर्वी परत पाठवणे कायद्याविरुद्ध नाही.

याच ठिकाणी आपले पाच पैशांचे तिकीट पुन्हा हातात घेऊ. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली. ६ एप्रिलला ढाक्याच्या अमेरिकी वकिलातीतल्या वीस अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. तिथले प्रमुख आर्चर ब्लड यांनी ती पुढे धाडली आणि त्यांची बदली झाली. निक्सन-किसिंजर यांना याह्याखानाच्या मध्यस्थीने चीनशी बोलणी करायची होती. त्या उन्हाळ्यातही अमेरिकी शस्त्रसामग्री जहाजांतून पाकिस्तानकडे जात असल्याच्या बातम्या छापून आल्या. आणि त्याच वेळी निर्वासितांसाठी भारताला मिळालेल्या परदेशी मदतीत अमेरिकेचा वाटा मोठा होता! एका हाताने पळायला लावणाऱ्याला बळ द्यायचे आणि दुसऱ्या हाताने पळालेल्याला तांदूळ. ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी छावण्या पाहून गेले आणि त्यांनी आपल्या सरकारला खडे बोल सुनावले. राष्ट्रसंघाच्या मदतीची सूत्रे तेव्हा उच्चायुक्त प्रिन्स सद्रुद्दीन आगाखान यांच्याकडे होती. मुख्य भार मात्र भारतानेच उचलला. ज्या देशाने पाच-सहा वर्षांपूर्वी धान्यासाठी अमेरिकी जहाजांची वाट पाहिली होती त्याने एक कोटी माणसांना सीमेवरून परत ढकलले नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नव्हती; आजही केलेली नाही. बांगलादेश स्वतंत्र झाला आणि १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांत जवळपास सगळे घरी परतले.

थैलीची दोरी

२००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. पुढच्या चार वर्षांत लाखो इराकी सिरिया आणि जॉर्डनमध्ये पळाले. २००६ या आर्थिक वर्षात अमेरिकेने किती इराकी निर्वासित घेतले? २०२. हा छपाईचा दोष नाही. टीका झाल्यावर पुढच्या वर्षी १,६०८ घेतले आणि नंतर संख्या वाढवली.

२७ जानेवारी २०१७ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना प्रवेशबंदी केली आणि सिरियाच्या निर्वासितांना अनिश्चित काळासाठी रोखले. डिसेंबरात जेरुसलेमला इस्राएलची राजधानी म्हणून मान्यता दिली. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच अन्रवासाठी ठरलेल्या साडेबारा कोटी डॉलरच्या हप्त्यापैकी फक्त सहा कोटी सोडले. पॅलेस्टिनी आमचा मान राखत नाहीत, मग पैसे का द्यावेत, असा अध्यक्षांचा उघड सवाल होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सगळीच मदत थांबली. २०२१ मध्ये बायडेन यांनी ती पुन्हा सुरू केली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात अन्रवाचे बारा कर्मचारी सामील होते असा आरोप इस्राएलने केल्यावर जानेवारी २०२४ मध्ये ती पुन्हा रोखली गेली. गाझात संस्थेचे सुमारे १३,००० कर्मचारी होते. राष्ट्रसंघाच्या चौकशीत नऊ जणांचा सहभाग असू शकतो असे निघाले आणि त्यांना काढून टाकण्यात आले. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण नऊ माणसांवरच्या संशयासाठी, भूक दाराशी उभी असताना, लाखो मुलांचे ताट ओढून घ्यावे का? मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने वर्षभराची बंदी घातली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ती मदत कायमची बंद केली.

२०२५ हे वर्ष एकट्या पॅलेस्टिनींचे नव्हते. २० जानेवारीला निर्वासितांचा प्रवेशच स्थगित झाला. अमेरिकी सैन्यासाठी दुभाषे म्हणून काम केलेल्या अफगाणांची कुटुंबेही त्यात अडकली. १ जुलैला अमेरिकेची परदेशी मदत संस्था अधिकृतपणे संपली. निर्वासित उच्चायुक्तालयाला आदल्या वर्षी मिळालेल्या निधीपैकी सुमारे ४० टक्के एकट्या अमेरिकेचा होता. तो आटल्यावर या संस्थेने साधारण साडेतीन हजार पदे रद्द केली. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी निर्वासितांचा आकडा ७,५०० ठरला. बायडेन यांच्या काळात तो १,२५,००० होता. आणि हे साडेसात हजारही प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतले गोरे आफ्रिकानेर.

याचा अर्थ समजून घ्यायचा तर कॉक्स बाजारला जावे लागते. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिथे आले. आज ते दहा लाखांवर आहेत. बांगलादेश सरकार त्यांना बाहेर काम करू देत नाही, म्हणून सगळी मदार राशनवर. २०२३ मध्ये माणशी महिना बारा डॉलरचे राशन आधी दहावर आणि मग आठवर आले. पुढे ते साडेबारापर्यंत गेले. मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले की एप्रिलपासून सहाच डॉलर मिळतील. रमजानचा महिना होता. अखेरच्या क्षणी निधी मिळाला आणि कपात टळून बारावर निभावले. पण त्या तीन आठवड्यांत छावणीतल्या आयांनी काय हिशोब केले असतील? १९३८ मध्ये दार बंद होते आणि थैलीही. मधली सत्तर-पंचाहत्तर वर्षे थैली उघडी होती म्हणून दाराकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०२५ मध्ये दोन्ही पुन्हा मिटू लागली तेव्हा कळले की एवढ्या वर्षांत निर्वासिताच्या हातात हक्क असा आलाच नव्हता. जे सहीने मिळाले होते ते सहीनेच गेले.

आपल्या घरात

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपला हात तपासावा लागतो. सौदी अरब, कुवेत, संयुक्त अरब अमिराती या धनवान देशांनीही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. कुवेतने २०१३ पासून सलग तीन वर्षे सिरियासाठी निधी परिषदा भरवल्या, मोठ्या रकमा दिल्या. पण सिरियाचा निर्वासित तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डन इथेच राहिला. आखातात तो पोहोचला तर कामगार म्हणून, निर्वासित म्हणून नव्हे. थैली उघडी आणि दार बंद ही रीत एकट्या अमेरिकेची नाही. मुहाजिर आणि अन्सार यांच्या भाईचाऱ्याच्या गोष्टी मिंबरावरून सांगणाऱ्यांनी याचेही उत्तर दिले पाहिजे.

आणि आपण? १९७१ मध्ये एक कोटींना सामावणाऱ्या आपल्या देशात आज काही हजार रोहिंग्या ओझे वाटतात. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांची नावे आहेत आणि मुसलमानांचे नाव नाही. पळून आलेल्याचा धर्म विचारून दार उघडायचे असेल तर हैतीच्या होड्या अडवणाऱ्यांना आपण काय बोलणार?

उपाय अवघड नाही, फक्त तो जुना आहे. अन्राच्या एक टक्क्यासारखा ठरलेला वाटा, जो देण्यासाठी कोणाच्या रागालोभाची वाट पाहावी लागणार नाही. आणि ज्याला घरी परतता येत नाही त्याला कुठेतरी कायमचे दार. जगातल्या निर्वासितांपैकी बहुसंख्य आजही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात. त्यांतल्या बांगलादेश, पाकिस्तान, जॉर्डन, लेबनॉन या देशांनी तर करारावर सहीही केलेली नाही. दार उघडण्याचे काम त्यांनी केले आहे. वाटा उचलण्याचे काम श्रीमंतांचे आहे, आणि त्याला उपकार म्हणण्याची सवय आपण सर्वांनीच सोडली पाहिजे.

१९७३ पर्यंत ते पाच पैशांचे तिकीट चालले. ते लावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते निर्वासित पाहिले नव्हते, आणि निर्वासितांपैकी कोणी त्यांचे आभार मानायला आले नाही. तशी अपेक्षाही कोणाची नव्हती.